उजवा चॅनल : मामांच्या अँप्लिफायरच्या दुरुस्तीच्या नोंदी

२१ जून २०२५, शनिवार

मामांचा अँप्लिफायर आज घरी आणला. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून मोटरसायकलवर, आधी पोत्यात गुंडाळला आणि वरून प्लॅस्टिकचा कागद बांधला. पावसाची झड सकाळपासून चालू आहे.

१९८६ साली मामांनी पगाराच्या फरकातून घेतलेला हा देशी बनावटीचा स्टिरिओ अँप्लिफायर. डावा नि उजवा असे दोन चॅनल, चॅनलला तीसएक वॅट. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला तो लागतो. मामा जयपूर-अत्रौली गायकीचे भक्त. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळे ही गायकी आपल्या गावची, असं ते हक्कानं सांगतात. मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकले, म्हणून तेही आपलेच. गेले आठ दिवस ती पहाट मुकी गेली आहे आणि मामींच्या म्हणण्याप्रमाणे मामा चहा घेऊन नुसते बसून राहतात.

काय झालं ते मामांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण निदान अर्धं इथंच असतं: "भूप सुरू झाला हुता. उजव्या स्पीकरातनं भप्पकन आवाज आला. कागद पुढं आला तो तसाच ऱ्हायला, मागं जाईना. मग मोठ्ठी घरघर, नि जळका वास. म्या बटण बंद केलं."

त्यांनी बटण बंद केलं म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला असावा. नंतर शेजारच्या पोरानं एकदा लावून पाहिला. दिवा मिणमिणला, ट्रान्सफॉर्मर घुमला, पुन्हा वास आला. हे मात्र करायला नको होतं. जळका वास आलेलं यंत्र पुन्हा लावून बघायचं नसतं, कारण एका पार्टचं नुकसान अशा वेळी पाच पार्टांवर जातं.

आज फक्त मागचा फ्यूज काढला. पत्र्यावर स्वच्छ छापलंय, १.५ अँपिअर. आत होता १० चा, आणि तोही शाबूत. मागे कधीतरी दुरुस्तीला दिला होता, तेव्हा कुणीतरी घातलेला. हे पाहून मला खरंच राग आला. दीड अँपिअरचा फ्यूज असता तर पहिल्या क्षणी उडाला असता. दहाचा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखाच. घरात दोन म्हातारी माणसं, शेजारी लाकडी कपाट, वर सागवानी तुळया.

स्पीकरही आणलेत. पेन्सिल सेल लावून पाहिला. डावा टक् करून हलतो, ६.४ ओहम. उजवाही ६.५ दाखवतो, पण बोटांनी कागद हळू दाबला की कॉइल घासल्याचा खरखर आवाज येतो. त्याच्यातून थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, गेलेला आहे, कॉइल तापून वाकडी झाली. कोन, म्हणजे हा कागद, बदलायला द्यावा लागणार.

२२ जून, रविवार

उघडायच्या आधी सिरीज बोर्ड तयार केला. बल्ब आणि सॉकेट मेन्सच्या फेजमध्ये एकापाठोपाठ जोडायचे, बस. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो, यंत्राला काही होत नाही. यंत्र ठीक असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत क्षणभर पेटून मंद होतो. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच लागतो, कारण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाच्याही आसपास असतो आणि सगळी करामत त्या फरकात आहे. शंभर वॅटचा तारेचा बल्ब मिळवायला मात्र सकाळ गेली. दोन-तीन दुकानांत नाही. शेवटी पोल्ट्रीवाल्या मावसभावाकडे मिळाला, पिल्लांना ऊब द्यायला तो अजून ठेवतो.

झाकण काढलं. धूळ, झुरळांची अंडी, एका कोपऱ्यात गांधीलमाशीचं मातीचं घर. मऊ ब्रशनं झाडलं. उजव्या चॅनलच्या हीट सिंकजवळ (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) सर्किटची पट्टी तपकिरी पडली आहे. एक पाच वॅटचा पांढरा रेझिस्टन्स तडकलाय.

आधी मोठे कंडेन्सर रिकामे करून घेतले, शंभर ओहमचा जाड रेझिस्टन्स टेकवून. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडणारे पाहिलेत, मी तसं करत नाही.

सिरीज बोर्डावर: बल्ब झगझगीत. म्हणजे सरळ शॉर्ट. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे आतल्या सर्किटला वीज देणाऱ्या बाजूच्या, तिन्ही वायरी सोडवल्या: बल्ब विझल्यात जमा. ट्रान्सफॉर्मर ठीक! इथं अर्धं ओझं उतरलं, कारण तो गेला असता तर गुंडाळून घ्यावा लागला असता.

पुढे डायोड, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे. चारपैकी एक दोन्ही बाजूंनी शून्य. मग आउटपुट ट्रान्झिस्टर, स्पीकरला करंट देणारे. ट्रान्झिस्टरला तीन टोकं: कलेक्टर ते एमिटर करंट जातो, बेस त्याला आवरतो. प्रत्येक चॅनलला एक टू एन ३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे २९५५, दोन्ही जुन्या धाटणीचे, गोल धातूच्या टोपीचे. डाव्या चॅनलचे जंक्शन (ट्रान्झिस्टरच्या आतले सांधे) ०.५८ व्होल्टच्या आसपास दाखवतात, सुरेख. उजव्याचे दोन्ही कलेक्टर ते एमिटर शॉर्ट, ०.२ आणि ०.३ ओहम. तडकलेला ०.३३ ओहमचा एमिटर रेझिस्टन्स ओपन, म्हणजे आतून तुटलेला.

घटनेची साखळी अशी वाटते: एक ट्रान्झिस्टर आधी शॉर्ट झाला, तेव्हा स्पीकरचा कागद पुढे गेला. मग दुसरा गेला, अधिक आणि उणे असे दोन्ही सप्लाय एकमेकांवर आदळले, डायोड बसला, घरघर सुरू झाली. पण पहिला का गेला? हे अजून कळलेलं नाही.

२४ जून, मंगळवार

शिफ्ट सुटल्यावर शिरोलीहून थेट शाहूपुरीत. डायोड चारही नवे घेतले. ०.३३ ओहम पाच वॅटचे रेझिस्टन्स, अभ्रकाचे तुकडे, हीट सिंक पेस्ट, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर. जुने कंडेन्सर फुगलेले नाहीत, पण मीटरवर एक ३१०० आणि दुसरा ३३०० दाखवतो. एकोणचाळीस वर्षं काढलीत त्यांनी, आता मोकळं करावं.

ट्रान्झिस्टरवर मात्र मन बसेना. दुकानदारानं दाखवलेले टू एन ३०५५ चकचकीत, छपाई ठळक, किंमत फारच कमी. हातात घेतला तर हलका लागला. या नंबरचा नकली माल सगळीकडे फिरतो हे ठाऊक होतं. दोन घेतले आणि गुजरीत मित्राच्या पेढीवर गेलो. सोनं जोखायच्या काट्यावर आधी मामांचा जळका ट्रान्झिस्टर ठेवला, मग नवा. नवा जवळपास निम्म्यानं हलका.

वजनावरून निकाल लागत नाही, काही चांगल्या कंपन्याही टोपी ॲल्युमिनियमची करतात. म्हणून घरी येऊन हॅकसॉनं दोन्हींच्या टोप्या कापल्या. मामांच्या जळक्यात सिलिकॉनचा तुकडा मसुरीच्या डाळीएवढा, खाली तांब्याची जाड चकती. नव्यात मोहरीएवढा तुकडा, तोही पातळ पत्र्यावर. टू एन ३०५५ म्हणजे १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. मोहरीएवढ्या तुकड्यातून ११५ वॅटची उष्णता बाहेर कशी पडणार? कागदावरचा नंबर खरा आणि आतला जीव खोटा. जो माणूस पोटापाण्याला रेडिओ दुरुस्त करतो, त्याचं नाव अशा पार्टनं खराब होतं आणि त्याला कारणही कळत नाही.

२६ जून, गुरुवार

गंगावेशीतल्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. माझ्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न त्यांनीच दिलं, आठवीच्या सुट्टीत. दुकान आता बंद असतं, पण घरी पत्र्याच्या डब्यांत माल आहे. जुन्या स्टॉकमधले दोन टू एन ३०५५ आणि दोन एमजे २९५५ काढून दिले, जोड्या मीटरवर जुळवून. पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "बसवशील झटक्यात, पण गेला का ते सापडल्याबिगर झाकण लावू नको."

२७ जून, शुक्रवार

बसवले. या ट्रान्झिस्टरची अख्खी टोपीच कलेक्टर असते, म्हणून हीट सिंक आणि टोपी यांच्यामध्ये अभ्रक लागतं. दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ हात. स्क्रूंच्या प्लॅस्टिकच्या टोप्या तपासल्या, एक चिरलेली निघाली, बदलली. मग टोपी ते हीट सिंक मीटर लावून पाहिलं. कुठेच शॉर्ट नाही.

सिरीज बोर्डावर, स्पीकर न लावता. बल्ब भक्कन पेटला, मंद झाला. छान. डोळा ठेवून बसलो. दहा सेकंद, पंधरा, आणि बल्ब हळूहळू पुन्हा उजळायला लागला. बंद!

उजवा हीट सिंक कोमट. डावा थंड. बल्ब नसता तर काकांनी दिलेले ट्रान्झिस्टर आज राख झाले असते.

२८ जून, शनिवार

पूर्ण संध्याकाळ वाया गेली, पण लिहून ठेवतो. मला ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचा, म्हणजे आउटपुटला चालवणाऱ्या छोट्या जोडीचा, संशय आला, बीडी १३९ आणि बीडी १४०. मीटरवर दोन्ही ठीक होते, तरी गरम झाल्यावर लीक होत असतील म्हणून काढून नवे घातले. बल्ब पुन्हा तसाच, मंद होऊन उजळणारा. मोजल्याशिवाय पार्ट बदलला, ती चूक. जुने दोन्ही परत जागेवर बसवले.

२९ जून, रविवार

सापडलं.

सकाळी चहा घेऊन कागदावर उजव्या चॅनलचं सर्किट पट्टीवरून काढत बसलो, एकेक रेघ बोटानं शोधत. मग सिरीज बोर्डावर लावून पाच-पाच सेकंदांची मापं घेतली. दोन ड्रायव्हरच्या बेसमधला व्होल्टेज: डाव्या चॅनलवर २.३, उजव्यावर २.९ आणि चढता. हे फार महत्त्वाचं माप. ड्रायव्हर आणि आउटपुट मिळून चार जंक्शन असतात, त्यांना जेमतेम जागं ठेवायला २.३ च्या आसपास लागतात. याहून कमी दिलं तर हलक्या आवाजात कर्कशपणा येतो, जास्त दिलं तर गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून करंट धावत राहतो.

हा व्होल्टेज ठरवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकवरच बसवलेला असतो. हीट सिंक तापला की तोही तापतो आणि व्होल्टेज आपोआप उतरवतो. त्याच्या बेसला दोन रोध असतात, एक कलेक्टरकडून येणारा, दुसरा एमिटरकडे जाणारा. त्यातला एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं फिरवायचा. प्लॅस्टिकच्या काडीनं तो प्रीसेट हलकासा दाबला आणि बल्ब झपकन मंद झाला. काडी उचलली, उजळला. दाबला, मंद. तीनदा करून पाहिलं. अंगावर काटा आला.

प्रीसेट काढून भिंगाखाली धरला. फिरणाऱ्या पत्र्याच्या जिभेवर हिरवट गंज, कार्बनच्या पट्टीवर ओलीचा डाग. डाव्या चॅनलचाही थोडा तसाच आहे. मामांना फोन केला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी गल्लीच्या तोंडाला आलं तेव्हा अँप्लिफायर माळ्यावर टाकला होता, आणि पुढचे दोन-तीन महिने तो तिथंच कौलाखालच्या ओलीत पडून होता. पाणी त्याला शिवलंसुद्धा नाही, नुसत्या दमट हवेनं हा घास घेतला, तोही सहा वर्षांनी.

आता खरी गोम. मूळ सर्किटमध्ये हा प्रीसेट कलेक्टरकडच्या बाजूला आहे. जीभ उचलली गेली की बेसला काहीच मिळत नाही, छोटा ट्रान्झिस्टर बंद पडतो, आणि व्होल्टेज जितका वाढू शकेल तितका वाढतो. आउटपुट तापतात, तापले की आणखी करंट ओढतात, आणि त्यांना आवरणारा स्वतःच बंद पडलेला. हाच प्रीसेट एमिटरच्या बाजूला असता, तर जीभ उचलल्यावर उलट झालं असतं: छोटा ट्रान्झिस्टर पूर्ण चालू, व्होल्टेज तळाला, आवाज थोडा कर्कश, पण जळलं काहीच नसतं. पार्ट तोच, किंमत तीच. फक्त जागेची चूक आहे, आणि तिच्यापायी चार महाग पार्ट नि एक स्पीकर गेला.

म्हणून दोन्ही चॅनलवर जागा बदलल्या. कलेक्टरकडे २.२ किलोओहमचा पक्का रेझिस्टन्स. एमिटरकडे ६८० ओहम पक्का आणि त्याच्या पाठोपाठ ४७० ओहमचा नवा बंद डबीचा प्रीसेट, बऱ्याच फेऱ्यांचा. गणित केलं तर प्रीसेट कुठेही फिरवला तरी व्होल्टेज १.८ ते २.६ च्या आतच राहतो. कुणी चुकून गरगर फिरवला तरी निभावेल.

१ जुलै, मंगळवार

सुरुवातीला प्रीसेट पूर्ण रोधावर. सिरीज बोर्डावर बल्ब मंद झाला तो मंदच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हीट सिंक थंड. बल्ब काढून दीड अँपिअरचा फ्यूज घातला आणि थेट लावला. आउटपुटवर डीसी: डावा १४ मिलिव्होल्ट, उजवा २२. पन्नासच्या आत असला की मी समाधानी असतो.

अर्धा तास तापू दिला, मग गाणं नसतानाचा करंट बसवला. दोन ०.३३ च्या रेझिस्टन्सवर मिळून २० मिलिव्होल्ट, म्हणजे ३० मिलिअँपिअर.

३ जुलै, गुरुवार

रात्री अकराला सहज मेन्स मोजला: २४८. दिवसा २३० असतो. भार कमी झाला की आमच्या भागात चढतो. मग सप्लाय पाहिला, अधिक-उणे ३१. दोन्ही मिळून ६२ व्होल्ट, आणि टू एन ३०५५ ची मर्यादा ६० ची. दिवसा अधिक-उणे २९ होतात, तेव्हा जेमतेम बसतं. पहाटे साडेपाचला मामा गाणं लावतात तेव्हाही मेन्स चढलेलाच असणार. प्रीसेटनं मारलं हे नक्की, पण हेही दुखणं अंगावर होतंच.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे मेन्सकडच्या बाजूला, २४० व्होल्टच्या जोडणीचा एक जास्तीचा टॅप आहे, टोक नळीत घालून तसंच बांधून ठेवलेलं. वायर २२० वरून तिथं नेली. आता रात्री अधिक-उणे २८, दिवसा २६. ताकद किंचित उतरली, एक डेसिबलसुद्धा नाही. कानाला कळणार नाही.

५ जुलै, शनिवार

लोड टेस्ट. ८२ ओहम दहा वॅटचे दहा रेझिस्टन्स समांतर जोडून ८.२ ओहमचा खोटा स्पीकर केला. दोन्ही चॅनल आळीपाळीनं तासभर चालवले. हीट सिंकवर तळहात टिकतो.

स्पीकरच्या रक्षणाला यूपीसी १२३७ आयसीचा रिले बोर्ड घातला, सप्लायपाशी रिकामी जागा होतीच. आउटपुटवर डीसी आला की रिले स्पीकर तोडतो, आणि चालू करताना होणारा धप्प आवाजही जातो. तीन व्होल्टचे सेल देऊन दोन्ही दिशांनी तपासला, दरवेळी टक् करून सुटला. मामांच्या यंत्रात मूळचं काही बदलू नये असं मला आधी वाटत होतं. पण त्यांचा कान त्या स्पीकरवर बसलाय, आणि स्पीकर पुन्हा जाऊ द्यायचा नाही. कोन बदलून उजवा आज आला, काम नीट झालंय, खरखर नाही.

मागच्या पत्र्यावर फ्यूजच्या शेजारी रंगानं मोठ्या आकड्यात लिहिलं: दीडच अँपिअर. आत झाकणाला सर्किटचा कागद चिकटवला, मापांसकट. पुढच्या माणसाला पट्टीवर बोट फिरवत बसायला लागू नये.

६ जुलै, रविवार

पहाटे पाचला शुक्रवार पेठेत. आज आषाढी, मामींनी शाबूची खिचडी टाकलेली. वायरी जोडल्या. मामा खुर्ची ओढून दोन स्पीकरच्या मधोमध, त्यांच्या नेहमीच्या फरशीवर. चालू केल्यावर तीन-चार सेकंद काहीच आवाज नाही, तर मामांचा चेहरा पडला. मग रिले टक् झाला आणि तानपुरा आला.

मध्येच मामांनी डोळे मिटूनच विचारलं, "उजवीकडचं जरा पुढं हाय का रं?" मी बॅलन्स पाहिला. खरंच, बटण एक खाच उजवीकडे होतं. डाव्या स्पीकरचा कोन जुना, उजव्याचा नवा, तो फरकही असणार. बटण मधोमध आणलं. त्यांनी मान हलवली.

अर्ध्या तासानं हीट सिंकला हात लावून पाहिला. दोन्हीकडे सारखी ऊब.

१३ जुलै, रविवार

आठवड्यानंतरची मापं, मामांच्या घरी, झाकण काढून. डावा २० मिलिव्होल्ट, उजवा २१. आउटपुटवर डीसी १३ आणि २३. झाकण लावलं, चारही स्क्रू बसवले. पुढचं माप पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आधी.